बॅबीन दारात आली की

घसा बसलेला होता त्या आवाजाचा. बार्टलाला त्या दिवशी सर्दी झाली होती, तरी होडी पालथी घालून तिला डांबर फासता फासता तो गात होता. बॅबीन कुंपणाच्या दगडांअलीकडे उभी होती, पाठीवर ओल्या शेवाळाची पाटी. खाली ओहोटी लागलेली. डांबराचा वास, मिठाचा वास, आणि त्यातून वर येणारा तो खरखरीत आवाज. एकेका शब्दावर तो रेंगाळायचा, दोन-तीन वळसे घ्यायचा आणि मग खाली यायचा. भरली बादली घेऊन निसरड्या उतारावरून उतरणारं माणूस थेंब सांडू देत नाही, तसा.

पहाट पांढरी झाली, खडकाला लाट न शिवली,
कोलीननं वल्ही धरली, आणि…

तेवढ्यात तिच्या कुत्र्यानं कुंपणावरून उडी मारली. बार्टलानं वळून पाहिलं. डोक्यावरची टोपी काढली. कुंचल्यावरून डांबर दगडावर ठिबकत राहिलं.

“हवा बरी आहे आज, बॅबीन.”

“बरी आहे,” ती म्हणाली, आणि पाटी सावरत वर निघून आली.

त्या गोष्टीला वीसेक वर्षं होऊन गेली. तो ‘आणि’ मात्र तिच्यापाशीच राहिला. गाईच्या आचळाला हात घातला की तो यायचा, कणीक मळताना यायचा. पुढचा तुकडा ती स्वतःच जोडून बघायची. आणि मागं वळून पाहिलं. आणि शीळ घातली. आणि काठावरच्या पोरांना हसला. कुठलाच बसायचा नाही. गाणं करणाऱ्यानं काय केलं असेल ते तिला कळायचं नाही, आणि विचारायची तर सोयच नव्हती.

रिनडूव्ह गावात बुडालेल्याचं गाणं त्याच्या रक्ताच्या माणसासमोर म्हणत नाहीत. हे कुणी कुणाला शिकवलेलं नाही. गाणं चालू असावं, घर भरलेलं असावं, आणि दारातून त्या घरचं माणूस आत यावं; गाणारा शब्द गिळतो, कुणीतरी खोकतं, कुणीतरी बटाट्याचं बोलू लागतं. बॅबीननंही ऐन भरात असताना किती विधवांसमोर असं गिळलं होतं. तेव्हा या अख्ख्या किनाऱ्यावर तिच्यासारखं गाणारी बाई नव्हती. गिळताना आपण माया करतोय असंच तिला वाटायचं.

तिचा पोटचा कोलीन बुडाला आणि ती गायची थांबली. आणि मग कळलं तिला, तो खोकला दाराच्या या बाजूनं कसा ऐकू येतो ते.

“आई, अंडी किती उकडू? फादर दोन खातील का?” सून नान्सा विचारत होती.

आज घरी मिसा होती, फादर घरोघरी येऊन करायचे ती प्रार्थना. पाळीपाळीनं गावातल्या एकेका घराकडे ती यायची, आणि यंदाचा वसंत त्यांच्या घराचा होता. पंधरवडाभर मुलगा फेहीन भिंतींना चुना लावत होता. शेजारच्या तीन घरांतल्या कपबशा आल्या होत्या. स्वयंपाकघरातलं टेबल खुर्च्यांवर चढवून, पांढरी चादर घालून त्याची वेदी केली होती.

“तीन उकड. पाद्री आहे तो.” बॅबीननं लोण्याचा गोळा बशीत मांडला. मग उगाचच विचारल्यासारखं विचारलं, “बार्टला येईल ना?”

“न यायला काय झालंय? केक आहे म्हटल्यावर बार्टला कबरीतूनही येईल.”

“येऊ दे. न्याहारी झाली की माणसं थांबतील. गाणी होऊ देत आज.”

नान्साच्या हातातलं अंडं पातेल्याच्या काठावर थबकलं. या घरात लग्न होऊन आल्यापासून तिनं रेडिओशिवाय दुसरं गाणं ऐकलं नव्हतं.

*

मिसा झाली. शेतावरची, किनाऱ्यावरची माणसं गुडघे झाडत उठली. फादर लावेल आणि गावातले दोन-चार मोठे लोक आतल्या खोलीत न्याहारीला बसले, बाकीचे स्वयंपाकघरात, हातात कप घेऊन, भिंतीला टेकून.

चहा वाढायचं काम बॅबीनच्या लेकीकडे, साइव्हकडे होतं. बॉस्टनहून येऊन तिला आठवडाच झाला होता आणि अजून ती या घरात पाहुण्यासारखी वागत होती. किटली कुठं असते तेही विचारायची. कोलीन गेला त्याच्या पुढच्या वसंतात ती निघाली होती. जाताना आईला म्हणाली होती, दोन वर्षांनी येते.

“तुम्हीच का त्या बॉस्टनच्या?” फादर लावेल तरुण होते, मेयोकडचे, या गावाला नवे. अंड्याचं डोकं सुरीनं उडवत त्यांनी हसून वर पाहिलं. “माझा मावसभाऊ तिकडेच पाद्री आहे. मागच्या उन्हाळ्यात आला होता, तेव्हा सांगत होता. म्हणाला, आपल्या लोकांच्या हॉलमध्ये एक बाई गाते. बुडालेल्यांचं गाणं आहे कुठलंतरी. कोलीनचं गाणं म्हणतात. म्हणे, ती उभी राहिली की सगळा हॉल चिडीचूप होतो. ते या गावचंच ना? म्हणा की आज. आम्हालाही ऐकू द्या.”

चमचे थांबले. स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं, तिथलीही कुजबुज थांबली. कुणीतरी खोकलं.

साइव्हनं वळून पाहिलं. दारात आई उभी होती, हातात लोण्याची बशी.

आईच्या चेहऱ्यावर काय होतं ते साइव्हला पुढं कितीतरी वेळ सांगता आलं नसतं. रागावली असती तर ओळखता आलं असतं. रडली असती तरी. डोळे मोठे झाले होते, ओठ किंचित उघडे होते, आणि ती साइव्हकडे बघत नव्हती. साइव्हच्या तोंडाकडे, ओठांकडे बघत होती. साइव्हला वाटलं, मेले मी आता. आईच्या जिव्हारी लागलं.

“फादर,” बॅबीन आत येऊन म्हणाली, “अंडं गार होतंय तुमचं.”

आणि बशी ठेवून, जशी आली तशी बाहेर गेली.

*

नान्सा चुलीसाठी पीट, दलदलीतून कापून वाळवलेल्या जळणाच्या विटा, आणायला घरामागं गेली तेव्हा ढिगाऱ्याच्या पलीकडून आवाज येत होते. नवऱ्याचा आवाज दबका होता, म्हणजे तो भयंकर रागावलेला होता.

“कुठल्या तोंडानं म्हणतेस गं ते?”

“याच. दुसरं कुणी दिलंय मला?”

“बियरचे ग्लास हातात धरलेल्या माणसांपुढं! आपला कोलीन!”

“ते ग्लास खाली ठेवतात, फेहीन.”

“उपकार केले.”

“हो, केलेच. टोप्याही काढतात. तू काय समजतोस, मी मिरवते त्याला तिथं? मला दुसरं काय होतं त्याचं? एक फोटो होता, त्यातही तो हललाय.”

फेहीननं पीटची एक वीट उचलली आणि पुन्हा होती तिथंच ठेवली. “आणि शिकलीस कुणाकडून? इथं तर तुझ्यासमोर कुणी तोंड उघडलं नसेल.”

“इथं नाहीच उघडलं.” साइव्ह शालीचं टोक बोटाला गुंडाळत होती. “तिथं गेल्यावरच्या पहिल्या हिवाळ्यात, एका नाचाच्या संध्याकाळी, केरीचा एक माणूस म्हणायला लागला. मी कोण ते त्याला कुठं ठाऊक होतं? भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून म्हणत होता. मला वाटलं, आता थांबेल, आता कुणीतरी त्याचा हात ओढेल. पण तो थांबलाच नाही रे. शेवटपर्यंत म्हणाला. मी कोटाच्या खुंट्यांना धरून उभी होते. त्यानंतर दर शनिवारी जात राहिले, सगळं पाठ होईपर्यंत.”

नान्सा पुढं आली. टोपली जमिनीवर ठेवली.

“आणि तू?” तिनं नवऱ्याला विचारलं.

“मी काय?”

“गॉलवेच्या बाजाराहून एकदा आलास आणि जेवला नाहीस. बैल विकला गेला नाही म्हणून, असं म्हणालास. बैल तर विकला होतास. मी तेव्हा नवी होते, काही बोलले नाही.”

फेहीन समुद्राकडे बघू लागला. तो असा समुद्राकडे बघू लागला की त्याचं उत्तर ‘हो’ असतं, एवढं नान्साला आता कळत होतं.

“पबमध्ये कुणीतरी म्हणत होतं,” शेवटी तो म्हणाला. “कॉर्ककडचे लोक होते. मी पाठ करून उभा राहिलो.”

“निघून नाही आलास?”

“नाही.”

“म्हणजे तू ऐकलंस. हिनं ऐकलं. मी तर माहेरी, विहिरीवर ऐकलं, तुझी सोयरीक यायच्याही आधी. राहिलं कोण?”

“तिला झेपणार नाही, नान्सा. कोलीनबरोबर बुडालेल्या बाकीच्या दोघांना तिनं मातीत जाताना पाहिलंय आणि तिचा तिला मिळाला नाही. त्या गाण्यात तो होडीत चढतो. हसतो. मग पुढं… त्यात आईच्या तोंडचं कडवं आहे, तुला माहितीय. ते तिनं ऐकायचं?”

“तिला विचारलंस कधी?”

“असलं कुणी विचारतं का!”

“नाही विचारत. खरंय.” नान्सानं टोपली भरायला घेतली. तिच्या मनात सकाळचं ते वाक्य घोळत होतं. बार्टला येईल ना? तिला आणखीही काही आठवलं. शनिवारी बार्टला वाटेनं गुणगुणत जायचा, आणि म्हातारी त्याच वेळी कोंबड्यांना दाणे टाकायला बाहेर निघायची. दाणे संपलेले असायचे तरी ती हात हलवत राहायची. इतकी वर्षं नान्साला वाटत होतं, म्हातारी विसराळू झाली.

“साइव्ह, चल आत. तुला गायला सांगतील. कुठलंतरी साधंसं म्हण, पण म्हण. माझ्याजवळ बस.”

“तू कुणाच्या बाजूनं आहेस गं?” फेहीन म्हणाला.

“चुलीच्या. विझायला आलीय.”

*

फादर गेले. दोन-चार मोठे लोक गेले. मग घर मोकळं झालं आणि खरी माणसं राहिली. वेदीचं टेबल खाली उतरलं, केक कापला गेला, फेहीननं कपाटातली बाटली काढली.

बार्टला चुलीजवळच्या कोपऱ्यात गुडघ्यावर टोपी ठेवून बसला होता. त्याचे केस पांढरे झाले होते. कोलीन असता तर त्याचेही झाले असते. म्हाताऱ्या पॅडीनं एका चोरट्या बकरीचं गाणं म्हटलं. सगळे हसले. मग साइव्हचा आग्रह सुरू झाला.

“म्हण गं, अमेरिकन! की तिकडं सगळं विसरलीस?”

“गमबूट घालायची विसरली ती, काल चिखलात रुतली होती.”

साइव्ह नान्साजवळ भिंतीला टेकली, डोळे मिटले आणि तिनं एक जुनं गाणं सुरू केलं. पोरीनं वचन दिलेल्या माणसाची रानात वाट बघितली, आणि तो काही आला नाही, एवढंच त्यात होतं. वाद्य नाही, टाळी नाही. एकट्या आवाजानं सगळं घर धरून ठेवलं. ती आईचा वळसा घेत होती. ऐन वरच्या सुरावर न थांबता त्याच्याजवळून हळूच सरकणं ही बॅबीनची खूण होती आणि खोलीतल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसानं ती ओळखली.

“देव पाठीशी तुझ्या!” कुणीतरी ओढल्या श्वासानं म्हणालं.

“जीव ओवाळावा पोरी!”

शेवटची ओळ तिनं गायली नाही, नुसती बोलली, गाणं संपवताना इकडे बोलतात तशी, जणू घरी जायला निघाली. आणि डोळे उघडले. बॅबीन दाराजवळच्या स्टुलावर बसली होती, हात मांडीवर.

“आता बार्टला!” पॅडी म्हणाला.

“माझा घसा…” बार्टला उठला. “गाय बघायचीय मला.”

“तुझी गाय हिवाळ्यात मेली की रे!”

हशा पिकला. बार्टलाही हसला, पण टोपी डोक्यावर चढवली होती. या घरात तो यायचा, पीट कापून द्यायचा, गवत रचून द्यायचा, आणि गाण्याच्या वेळी निघून जायचा. लोकांना वाटायचं, रीत पाळतो. त्याचं त्यालाच ठाऊक होतं.

ते गाणं त्यानं केलं तेव्हा तो पंचविशीतही नव्हता. सगळा गाव काठीनं शेवाळ उचकत किनारा धुंडाळत होता, तोही धुंडाळत होता, आणि त्याच्या ओठांवर सगळ्यांत आधी आलं होतं ते आईचं कडवं. अख्खं, एका दमात.

मी ज्याला पाजलं पाणी, पाणी त्यालाच प्यालं,
रिकाम्या माझ्या ओंजळीत मीठ तेवढं आलं.

बॅबीन असं कधी म्हणाली नव्हती. ती काहीच म्हणाली नव्हती. त्यानं तिला विचारलं नव्हतं. तेव्हापासून वाटेत ती दिसली की त्याला वाटायचं, हिचा कोट न विचारता अंगावर घालून आपण गावभर हिंडतोय. सगळं जग त्या कडव्याला रडलं. ते खोटं आहे असं म्हणू शकणारं माणूस या जगात एकच होतं, आणि त्याच्यासमोर गायचं नाही अशी रीत होती. त्या रीतीचे उपकारच होते त्याच्यावर.

तो दाराशी आला. दाराचा खालचा अर्धा भाग बॅबीननं बसल्या जागेवरून हात लांबवून लावून घेतला.

“बस, बार्टला.”

“बॅबीन, मी…”

“बस म्हटलं ना. गाय मेलीय तुझी.”

यावेळी कुणी हसलं नाही. फेहीन बाटली हातात घेऊन उभाच राहिला. “आई, दमली असशील. जरा पडतेस का?”

“पडायला पुष्कळ वेळ मिळणार आहे मला.” ती उठली. खोलीतल्या एकेकाकडे तिनं पाहिलं, सावकाश. “मी दुकानात आले की तुम्ही गप्प होता. लग्नाला आले की गप्प. विहिरीवर आले की पोरी बादल्या वाजवतात. का ते मला ठाऊक आहे. भल्या मनानं करता. मीही केलंय. ही पॅडीची बहीण इथं बसलीय, हिच्या नवऱ्याचं गाणं मी हिच्यासमोर किती वेळा गिळलं. कधी माफी मागितली नाही, चुकतेय असं वाटलंच नाही.”

पॅडीच्या बहिणीनं शालीआड नाही, उघड्या चेहऱ्यानंच डोळे टिपले.

“बाकीच्यांना त्यांची माणसं मिळाली,” बॅबीन म्हणाली. “मातीत घातली, वर दगड ठेवला. रविवारी जाऊन तिथं उभं राहता येतं. मला कुठं जायचं? माझा जो काही राहिलाय तो त्या गाण्यात आहे. आणि तुम्ही सगळे त्याला भेटून आलात. माझी पोरगी बॉस्टनला भेटली. हा…” तिनं फेहीनकडे बघितलंही नाही. “हा गॉलवेला भेटून आला. जेवला नव्हता, तेव्हाच कळलं मला.”

फेहीननं बाटली खाली ठेवली. “आई, तुला त्रास होईल गं.”

“होईल की. मग?”

साइव्ह भिंतीपासून सुटी झाली, आईकडे यायला निघाली, नान्सानं तिचं मनगट धरलं. थांब, ती नजरेनंच म्हणाली. हे तिचं तिला बोलू दे.

“बॅबीन,” बार्टला खाली मान घालून म्हणाला. आवाज पुन्हा त्या दिवसासारखा बसला होता. “त्यात तू बोलतेस. एक कडवं. मी तुझ्या तोंडी घातलंय. तुला विचारलं नव्हतं.”

“ठाऊक आहे. कुणीतरी बोलून गेलं होतं मागं.”

“तू तसं बोलली नसतीस कदाचित.”

“ते ऐकल्याशिवाय कसं कळणार? इतकी वर्षं मी सगळ्या मुलखाशी काहीतरी बोलतेय, आणि काय बोलतेय ते माझं मलाच माहीत नाही.”

बार्टला हसला. तो कोपऱ्यातल्या जागेवर परत जाऊन बसला. टोपी काढली. बॅबीन स्टूल ओढत त्याच्याजवळ आली, बसली, आणि गाणाऱ्याचा हात घेतात तसा तिनं त्याचा हात आपल्या हातात घेतला. गाणं सुरू झालं की तो त्याच्या लयीत गोल गोल फिरवत राहायचा असतो. तिचा हात थांबून होता, वाट बघत.

बार्टलानं डोळे मिटले. श्वास घेतला. पण शब्द काही फुटेना. इतक्या वर्षांची सवय होती, ती समोर असताना न फुटण्याची. त्यानं डोळे उघडून फेहीनकडे पाहिलं. फेहीननं मान फिरवली, मग परत वळवली, आणि हळूच होकार दिला.

बार्टलानं पुन्हा डोळे मिटले.

“कुणासाठी थांबलायस रे?” बॅबीन म्हणाली. तिचा आवाज आता चढा नव्हता, जवळच्या माणसाला अंधारात हाक मारावी तसा होता. “मला ऐकायचंय. पहिल्या दिवसापासून ऐकायचं होतं.”